लडाख-स्पितीत पाण्याचे आणि संडासाचे काम हाती घेताना या चुका टाळा

मुंबईतले एखादे मंडळ, गिर्यारोहकांचा गट किंवा कंपनीचा सामाजिक दायित्व विभाग लडाख-स्पितीतील एखाद्या गावाला पाण्याची सोय करून द्यायचे ठरवतो, तेव्हा अंदाजपत्रक बहुधा जव्हार-मोखाड्याच्या अनुभवावरून तयार होते : डोंगरातला झरा, उतारावरून आणलेला पाइप, उंचावर टाकी आणि दारात नळ. ही मांडणी चुकीची नाही, पण ती न गोठणाऱ्या पाण्यासाठी केलेली आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. मुंबईत जुलैच्या एखाद्या जोरदार दिवशी याहून अधिक पाऊस होतो. हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जाऊ शकतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तम चालणारी योजना डिसेंबरात बंद पडते आणि पुढचे काही महिने बाया-माणसे पुन्हा ओढ्यातला बर्फ फोडून पाणी वाहत राहतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गावातले चालू कोरडे संडास मागास ठरवून त्यांच्या जागी फ्लशचे संडास बांधणे. पारंपरिक लडाखी संडास दुमजली असतो. वरच्या मातीच्या जमिनीत एक आयताकृती भोक असते, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग व फावडे असते, आणि वापरानंतर त्यातली थोडी माती खाली लोटली जाते. खालच्या खोलीत साठलेले खत पुढे शेतात जाते. या सगळ्याला थेंबभरही पाणी लागत नाही. फ्लशच्या भांड्याखालच्या वाकात मात्र पाणी कायम उभे असते. ते गोठले की भांडे तडकते. सेप्टिक टाकीतले जिवाणू थंडीत जवळजवळ काम थांबवतात, म्हणून गाळ कुजण्याऐवजी साठत जातो. शोषखड्डा रेताड, गोट्यांच्या जमिनीत खणला आणि जवळच बोअरवेल असली, तर मैल्याचे पाणी पुरेसे गाळले न जाताच भूजलात उतरते. पर्यटकांची वर्दळ असलेल्या लेहमध्ये हीच मोठी चिंता आहे, आणि तिथल्या पाहुण्यांत आपणही असतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून पैसे आहे तो संडास सुधारण्यावर खर्च करावेत : वृद्धांसाठी बैठक आणि धरायला दांडा, रात्रीसाठी दिवा, राखेसाठी कोरडी जागा, आणि खाली एकाऐवजी दोन कप्पे, म्हणजे एक वापरात असताना दुसरा बंद ठेवता येतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. थंडीने दुर्गंधी कमी होते, रोगजंतू मरतातच असे नाही. जंतांची अंडी आणि विषाणू थंडीत उलट अधिक काळ टिकतात. २ ते २० अंश तापमानात बंद कप्पा दीड ते दोन वर्षे तसाच ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. माझ्या मते कप्पा गोठलेला असतानाचे महिने यात धरूच नयेत.

पाइपांच्या बाबतीत सगळा भरवसा वरून गुंडाळलेल्या फोमवर ठेवला जातो. असे आवरण गोठणे लांबवते, थांबवत नाही. पाणी रात्रभर स्थिर राहिले की आवरणातही बर्फ होतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाचा बुच व बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब पाइप फोडतो, त्यामुळे फूट अनेकदा बर्फाच्या जागी न सापडता तिच्या पुढे सापडते. जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली पाइपाचा चर न्यावा. ती खोली गावातल्या जुन्या माणसांना विचारावी आणि रस्त्याखाली अधिक धरावी, कारण बर्फ बाजूला केलेल्या रस्त्याखाली थंडी आणखी खोल उतरते. एचडीपीई हा लवचीक प्लास्टिकचा पाइप लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपापेक्षा गोठणे चांगले सोसतो. नळाचा व्हॉल्व्ह जमिनीखाली असावा आणि तो बंद करताच वरच्या नळीतले पाणी खाली निचरून जावे. हातपंपाच्या उभ्या पाइपालाही खोलवर असे निचऱ्याचे छिद्र ठेवता येते.

पाइप तरीही गोठलाच, तर आधी तोटी उघडावी आणि तोटीपासून उगमाकडे सरकत गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकावे. मधूनच शेकू नये, वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला वाट हवी. बुखारीतले (घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीतले) निखारे किंवा ब्लोटॉर्च वापरल्यास प्लास्टिक वितळते आणि बंद लोखंडी पाइप वाफेच्या दाबाने फुटू शकतो.

शुद्धीकरणाची यंत्रे नेणाऱ्यांनी एवढे नक्की तपासावे. पोकळ तंतूंचा फिल्टर (ज्यात बारीक पोकळ नळ्यांच्या सच्छिद्र भिंतींतून पाणी गाळले जाते) ओला असताना एकदा गोठला की त्यात न दिसणाऱ्या चिरा पडतात. पाणी पूर्वीसारखेच येत राहते, पण जंतू अडत नाहीत. असा फिल्टर बदलावाच लागतो. क्लोरीनच्या गोळीसाठी नेहमीचा अर्धा तास बर्फगार पाण्यात पुरत नाही, किमान दुप्पट वेळ द्यावा आणि हिमनदीचे गढूळ पाणी आधी निवळून गाळून घ्यावे. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून उकळी तीन मिनिटे ठेवावी.

हिवाळ्यात पाणी गोठवून उभारलेल्या बर्फाच्या स्तूपांविषयी मुंबईत फार कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. मात्र लडाखी अभियंते चेवांग नोर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या आणि सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप वसंतातल्या पेरणीला पाणी मिळावे म्हणून आहेत. जानेवारीतला पिण्याचा प्रश्न त्यांनी सुटेल, असे अंदाजपत्रकात गृहीत धरू नये.

पाणी वाहून आणावे लागले की सर्वांत आधी हात धुण्यावर काटकसर होते. अलास्कातल्या गावांचा जो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात नळाची सोय कमी असलेल्या भागांत श्वसनाचे आणि त्वचेचे संसर्ग अधिक आढळले. पिण्याचे पाणी शुद्ध केले म्हणजे काम झाले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. केंद्र सरकारच्या जल जीवन मिशन या नळपाणी योजनेने माणशी रोज ५५ लिटरचा निकष ठेवला आहे. त्यातले फेब्रुवारीत प्रत्यक्ष किती घरी पोहोचते, हे विचारावे. पाहणी जूनमध्ये होते आणि फोटोही तेव्हाच निघतात, पण योजनेची परीक्षा फेब्रुवारीत असते.

लडाखच्या गावांत शेतीच्या पाण्याच्या वाटपासाठी चुरपोन नेमण्याची पद्धत आहे. पिण्याच्या पाण्यासाठीही असाच एक जबाबदार माणूस गावानेच ठरवावा, त्याचे वर्षभराचे मानधन पहिल्याच अंदाजपत्रकात धरावे आणि घाटरस्ते बंद होण्यापूर्वी जोड, वायसर, व्हॉल्व्ह व जादा पाइप त्याच्या ताब्यात पोहोचवावेत.