कोकणात कॅम्पर ट्रेलर नेताय? वीज आणि वजनाच्या या चुका टाळा

मे महिन्याची अखेर होती. गुहागरहून पुण्याला परत निघालो होतो. कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे उंब्रजला महामार्गाला लागलो, वेग ८०च्या आसपास गेला आणि शेजारून एक बस पुढे गेली. तिच्या वाऱ्याने मागचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची मुक्कामाची खोली, आधी तिकडे ओढला गेला, मग इकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा व्हायला लागला. गाडीत बायको आणि दोन्ही मुलं. ब्रेकवर पाय जाऊ दिला नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग ५०च्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. कडेला थांबून कपलिंग (ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा) सोडलं, तर ट्रेलरची दांडी एका हाताने वर आली. जाताना तीच दांडी उचलायला दोन हात आणि कंबर लागली होती.

हे आधी सांगतोय, कारण त्या दिवशीच्या चुकीची सुरुवात वजनापासून झालीच नव्हती. ती झाली होती वायरच्या टोकाला बसवतात त्या एका तांब्याच्या लगपासून, त्याच्या आधीच्या फेरीत.

बॅटरी संपली, असं तपासल्याशिवाय ठरवू नका

त्या फेरीत वेळणेश्वरला मुक्काम होता. रात्री दोनच्या सुमारास फ्रिज वाजायला लागला, कमी व्होल्टेजची खूण दाखवून बंद पडला. आत मसाला लावलेली सुरमई. मी धरून चाललो की बॅटरी कमी पडतेय. पुढच्या फेरीआधी दुसरी १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणली आणि ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात बसवली. वजन ५४ किलो.

खरं कारण नंतर कळलं. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट. फ्रिज चालू ठेवून त्याच्या सॉकेटवर लावला तर ११.३. मधले १.२ व्होल्ट वायरमध्येच जात होते. फ्यूजजवळचा लग उघडला तेव्हा टेप काढताच हिरवट भुकटी बोटांना लागली. खारी हवा वायरच्या आवरणाखाली शिरून तांब्याचे धागे आतून खात गेली होती. चाळीस-पन्नास रुपयांच्या लगचं काम, आणि मी त्यावर ५४ किलो ओझं चढवलं.

म्हणून काहीही बंद पडलं, तर ते चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: बॅटरीवर आणि उपकरणाच्या तोंडाशी. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष वायर, लग, फ्यूज किंवा अर्थच्या नटबोल्टमध्ये आहे, बॅटरीत नाही. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाडीला कथील चढवलेले लगच वापरा, ते दाबून घट्ट बसवा, वर हीट-श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवा आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यानंतर एकदा सगळे लग उघडून बघा. मागच्या दिव्यांचा प्लगही त्यातच आला. ब्रेक लाइट लागत नाही आणि आपल्याला पत्ता नसतो, ही घाटातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

नवी बॅटरी जुन्या तीन वर्षांच्या बॅटरीला पॅरलल जोडणं ही माझी आणखी एक चूक. जुनी बॅटरी नवीला खाली ओढते आणि दोन्ही अकाली जातात. जोडायच्याच असतील तर एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या जोडा.

आधी युनिटचा हिशेब, मग खरेदी

वीजबिल वाचता येतं त्याला हा हिशेब जमतो. मे महिन्याच्या उकाड्यात ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॅट-अवर घेतो. २० वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले की ३६०. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप मिळून शंभर-दीडशे. बेरीज झाली जवळजवळ हजार वॅट-अवर, म्हणजे एक युनिट.

आता पुरवठा बघा. १५० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, पण ती अर्ध्याखाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी ९००. १०० एएचची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी कागदावर १२८०, त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे हजाराच्या थोडे वर. आणि वजन? पहिली ५४ किलो, दुसरी साधारण १२. लिथियम महाग पडते हे खरं, पण ट्रेलरवर ४२ किलो कमी होणं ही किंमत नुसत्या विजेच्या रकान्यात मांडून चालत नाही. माझ्याकडे आता एकच वही आहे. डाव्या पानावर वॅट, उजव्या पानावर किलो.

इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवू नका. काही लावलेलं नसतानाही तो १०-१५ वॅट पीत राहतो, २४ तासांत हा पाव ते तिसरा हिस्सा युनिट होतो. पंखा, दिवे, मोबाइल सरळ १२ व्होल्टवर चालवा. मिक्सरपुरता इन्व्हर्टर लावा, ओल्या खोबऱ्याचं वाटण झालं की बंद करा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७०-१८० अँपिअर खेचते, तेवढ्यासाठी जाड केबल आणि मोठी बॅटरी न्यायची म्हणजे पुन्हा वजन. स्वयंपाक गॅसवर करा. एसीचं म्हणाल तर या आकाराच्या बॅटरीवर तो विषयच काढू नये.

लेड-अ‍ॅसिडची स्थिती व्होल्टवरून कळते, पण ती तासभर विश्रांतीत असली तरच: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इन्व्हर्टर १०.५ला तोडतो म्हणून तोवर वापरत बसू नका, तोपर्यंत बॅटरीचं नुकसान होऊन गेलेलं असतं. लिथियमला मात्र हे माप लागू नाही. ती ९० टक्क्यांना असो की ४०, आकडा १३.२-१३.३च्या आसपासच राहतो. तिला शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहणारा मॉनिटर हवाच.

गाडी चालतेय म्हणजे चार्ज होतेय, असं नाही

हा घोटाळा फार जण करतात. गाडीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढतात, अंतर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. २० अँपिअर जायला लागले की या वायरीत सुमारे १.७ व्होल्ट पडतात. अल्टर्नेटरकडे (इंजिनावर चालून वीज तयार करणारं यंत्र) १४.२ व्होल्ट असले तरी बॅटरीपाशी पोहोचतात १२.५. एवढ्यात ती भरणार नाही. १६ चौरस मिलिमीटरची वायर घातली की हीच घट पाव व्होल्टवर येते. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज.

लिथियम असेल तर मध्ये करंट आणि व्होल्टेज आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर लावल्याशिवाय जोडूच नका. ती एवढा करंट ओढते की अल्टर्नेटर तापून जातो. शिवाय नव्या गाड्यांचे अल्टर्नेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज उतरवतात, तिथेही हाच चार्जर कामाला येतो. २० अँपिअरचा चार्जर असला तर चिपळूण ते गुहागर या सव्वा तासाच्या रस्त्यात तीनशेच्या आसपास वॅट-अवर जमा होतात. म्हणजे रात्रभराचे पंखे.

सोलरबद्दल थोडंच सांगतो. २०० वॅटचं पॅनेल मे महिन्यातल्या स्वच्छ दिवशी ६००-७०० वॅट-अवर देतं, पण उघड्या उन्हात. आपण ट्रेलर लावतो माडांच्या सावलीत, आणि एक झावळी आडवी पडली तरी उत्पादन तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच घटतं. वर नारळ पडायची भीती वेगळी. छपरावर ठोकण्यापेक्षा पॅनेल सुटं ठेवा, १० मीटर केबल घ्या आणि अंगणात उन्हाला टेकवा. जून ते सप्टेंबर सोलरच्या भरवशावर निघू नका.

घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी वीज घेताना १६ अँपिअरचा सॉकेट मागा आणि आधी अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो. यजमानांना सांगून त्यात दोन बादल्या पाणी ओता, कोणी नाही म्हणत नाही. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली रीळ लोडवर तापून वितळते. आणि तुमच्या बाजूला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. ओल्या पायांनी, पत्र्याच्या ट्रेलरला हात लावून मुलं फिरत असतात.

उलार ट्रेलर

बैलगाडी हाकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलार होते, धुरी वर उठते. ट्रेलरचंही तेच. दांडीवरचं वजन एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास हवं. गाडीच्या आणि टो-बारच्या (गाडीमागे ट्रेलर अडकवायचा दांडा) पट्टीवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, आणि ७ टक्क्यांच्या खालीही जायचं नाही.

माझ्या ट्रेलरमध्ये कपलिंग अ‍ॅक्सलच्या ३ मीटर पुढे आहे. पाण्याची टाकी भरलेली असताना दांडीवर ७० किलो यायचे. मग मी ५४ किलोची बॅटरी अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे ठेवली: ५४ गुणिले १.५ भागिले ३, म्हणजे २७ किलो दांडीवरून कमी. परतताना त्याच कप्प्यात तीन घरांसाठी हापूसच्या तीन पेट्या, २० किलोची एक: आणखी ३० कमी. आणि निघताना ओझं हलकं करावं म्हणून अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे असलेली ८० लिटरची टाकी रिकामी केली: आणखी १३ कमी. सत्तरातून सत्तर गेले. उंब्रजजवळ जे झालं त्याचा हा सगळा हिशेब. पाणी ओतून देताना आपण शहाणपणा करतोय असंच मला वाटलं होतं.

दांडीचं वजन मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, कपलिंग नेहमीच्या उंचीवर, खाली लाकडी ओंडका आणि त्याखाली काटा. पाच मिनिटांचं काम. निघताना एकदा आणि परतीला पुन्हा एकदा, कारण कोकणातून कोणी रिकामं येत नाही. आंबे, फणस, तांदूळ, आगळाच्या बाटल्या. हे सगळं अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, तळाशी ठेवा. जड ते खाली, हलकं ते वर.

एकूण वजनासाठी चिरे-वाळूचे ट्रक जिथे मोजतात त्या वजनकाट्यावर जा. आधी गाडी आणि ट्रेलर मिळून, मग ट्रेलर एकटा. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो, पाणी लिटरला किलो, आणि गाडीत बसलेली पाच माणसंही गाडीच्या मर्यादेत मोजायची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडा शोधा. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात तो नसतो, काहींत टोइंग करू नका असंच लिहिलेलं असतं. तिथे टो-हुक बसवून देणारा काय म्हणतो याला अर्थ नाही. ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी असते, तीही बघून घ्या.

टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलर आठ-आठ महिने एका जागी उभा असतो, नक्षी नवी दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

घाट आणि जेटी

कुंभार्ली असो, आंबा असो की आंबोली, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवाल तर अर्ध्या घाटातच करपल्याचा वास येईल आणि पुढे पेडल मऊ लागेल. तसं झालंच तर कडेला थांबा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकते. ट्रेलर डोलायला लागला तर मी सुरुवातीला सांगितलं तेच करायचं. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर फक्त तो हलका दाबायचा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने जायचं असेल तर भरती-ओहोटी बघून निघा. पूर्ण ओहोटीला उतार तीव्र होतो आणि बोटीची फळी ओलांडताना ट्रेलरचं शेपूट घासतं, मागे ओझं असेल तर जास्तच. खलाशांचं जुनं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन्ही टोकं वाढतात, तेव्हा मधली वेळ साधा. चढताना माणसं खाली उतरवा, गॅसचा कॉक बंद करा आणि एकाला मागे उभं करून शेपटाकडे बघायला सांगा. फेरीबोटीवरच्या पोरांना ट्रेलरची लांबी आधीच सांगितली तर ते तुम्हाला शेवटी घेतात आणि मधली सरळ रांग मोकळी ठेवतात.