गगनबावड्याचा पाऊस बघा, राजाराम बंधाऱ्याचा आकडा लिहा

जुलै लागला की पुण्याहून नणंदेचा फोन येतो, "वहिनी, कोल्हापूरला रेड अलर्ट आहे म्हणे, पाणी आलं का?" आणि इथं म्हशी निवांत उन्हात बसलेल्या असतात. उलटंही होतं. शहरात दिवसभर पाऊस कोसळतो आणि नदी जागची हलत नाही. प्रयाग चिखलीसारख्या पंचगंगेच्या काठावरच्या गावात राहायचं आणि दावणीला जनावरं बांधायची, तर डोक्यावरच्या पावसावर विसंबून चालत नाही. आमचा पूर पश्चिमेकडून येतो.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात कोल्हापूर जिल्हा आणि कोल्हापूरचा घाट विभाग वेगळे दिलेले असतात. आधी घाटाची ओळ वाचा. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटातल्या गगनबावड्यात त्याच्या पाच-सहा पट. तो सगळा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांतून आमच्याच दारावरून जातो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीला लागा, लाल म्हणजे हातपाय हलवा. रंगाबरोबर मिलिमीटरही बघा. चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ म्हणजे खूप जोराचा पाऊस, त्याच्या वर गेला की सगळ्यात वरची पायरी. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात, म्हणजे सकाळी मोबाईलवर येणारा गगनबावड्याचा आकडा कालचा असतो. ते पाणी मात्र अजून वाटेत असतं, हे विसरू नका.

घाटात सलग दोन दिवस शंभराच्या वर पाऊस झाला की मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहायला घेते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्याही वर. पण नुसता आकडा कामाचा नाही, तो तासाला किती चढतोय ते काढा. समजा संध्याकाळी सहाला ३३ फूट होते आणि आठला ३३ फूट ८ इंच. म्हणजे तासाला चार इंच. ३९ ला अजून ६४ इंच उरले, म्हणजे सोळा तास, उद्या दुपारी बारा. घाटात पाऊस चालूच असेल तर बाराच्या आधीच धरा. २०१९ चा पूर आठवडाभर दमानं चढला, २०२१ चा दोन दिवसांत अंगावर आला. तेव्हा "मागच्या वेळी इतका वेळ लागला होता" या हिशोबाला अर्थ नाही.

पाणी पात्राबाहेर पडून उसात पसरलं की चढण्याचा वेग मंदावतो. तासाला इंच, कधी अर्धा इंच. पारावरची मंडळी लगेच "थांबलं पाणी" म्हणतात. थांबलेलं नसतं, पसरत असतं. तसंच राधानगरी धरणाच्या दारांचं. सात स्वयंचलित दारं, एकेका दारातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. दार उघडलं की सगळीकडे मेसेज फिरतात. बातमी महत्त्वाची आहेच, पण राधानगरी फक्त भोगावतीवर आहे. दारं बंद असताना बाकीच्या नद्यांनी पाणी आणलं तर? दाराची वाट बघत बसू नका. पूर ओसरायला मात्र खालची कृष्णा बघावी लागते. नरसोबावाडीला संगमावर कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं जागाच मिळत नाही, म्हणून कोयना धरणातून कृष्णेकडे सुटणारं पाणीही लिहून ठेवावं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरचा वाद पाणी उतरल्यावर घालायला पुष्कळ वेळ मिळतो.

आता हलायचं कधी? प्रत्येक घराचा आकडा वेगळा. मागच्या पुरात बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलं, ते जुन्या माणसांना विचारा आणि भिंतीवर रंगानं लिहून टाका. आणि लक्षात घ्या, रस्ता घराच्या आधी बुडतो. आमचा नियम असा: ३९ ला जनावरं, ४१ ला माणसं. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं, पण माणूस नावेतून निघू शकतो, म्हैस नाही. टेम्पोही ३९ लाच मिळतो, ४३ ला सगळ्या गावाला एकदम हवा असतो. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीला सोनतळीला जागा मिळाल्या. तिथं निवारा आधी झाडून, ताडपत्री बांधून ठेवायचा.

जनावरांचं थोडं सविस्तर सांगते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या, कारण छावणीत दहा गावांची जनावरं एकत्र येतात. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येकाचा फोटो काढा. सुकी वैरण आणि पेंड जनावरांच्या आधी पोचवा. नेणं अगदीच जमलं नाही, तर दावं सोडून द्या, मोकळी म्हैस पोहून वर निघते. आणि नदीकाठावरची पाणी उपसायची मोटार? ती जूनलाच काढायची. चढत्या पाण्यात मोटार काढायला उतरायचं नाही.

घरात मेन स्विच बंद, सिलिंडर बंद करून खांबाला बांधलेला (रिकामा सिलिंडर तरंगत जातो), धान्य माळ्यावर, सातबारा-पासबुक-रेशनकार्ड झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. संडासाच्या भांड्यावर वाळूचं पोतं ठेवा, नाहीतर घाण पाणी आधी तिथूनच वर येतं. पिण्याचं पाणी भरून घ्या. पुरात उपसा केंद्रंच बुडतात, म्हणून २०१९ ला शहरातही नळ कोरडे होते.

वाऱ्याचा इशारा ताशी ४०-५० किलोमीटरचा असला तर गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवू नका, ते खाली जनावरांवरच पडतात. पत्रा हुकानं वाशाला आवळा. तार तुटलेली दिसली तर लांबूनच १९१२ ला फोन. विजांसाठी दामिनी ॲप चांगलं आहे.

अडकलातच तर ११२, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. नाव आली तरी भरलेल्या नावेत चढू नका, पुढच्या खेपेला थांबा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला नाव उलटली ती जास्त माणसं घेतल्यानं.

पाणी उतरल्यावर लगेच खराटा हातात घेऊ नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक खोलीचा फोटो, मग पंचनामा, मग सफाई. गाळात बूट घालूनच उतरा. वैरणीच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवा, सापही तिथंच आसऱ्याला आलेले असतात. गाळ लागलेली वैरण जनावरांना घालू नका, आणि ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरला पुराच्या पाण्यातून गेलात हे आधी सांगा, म्हणजे तो लेप्टोचं (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) बघेल.