पाऊस लागायच्या आत ह्युमिडिटी मीटर मिठावर तपासून घ्या

ढगाळ हवा सुरू होतेय, औषधांची यादी नंतर करा, आधी पॉलिहाऊसमध्ये, मशरूमच्या शेडमध्ये, धान्याच्या खोलीत जो मीटर टांगलाय तो खरं दाखवतो का ते बघा. दर सीझनला हेच बघतोय, मीटरवर आर्द्रता ८२ टक्के दिसतेय म्हणून माणूस निवांत, आणि पहाटे आत गेलं तर छताच्या प्लास्टिक कागदाला थेंब लटकलेले, पानं ओलीचिंब, मग थोड्याच दिवसांत केवडा रोग नाहीतर राखाडी बुरशी. मग दुकानात पळापळ, तिथे दोन बुरशीनाशकं आणि वर एक टॉनिक गळ्यात मारतात, मीटर तपासला का हे कुणीच विचारत नाही.

घरात भिंतीवर लावतो तसला साधा डिजिटल मीटर नवा असतानाच ५ टक्के मागेपुढे असू शकतो. त्यात धूळ, फवारणीचा तुषार, कोंबडखताचा अमोनिया, यांनी सेन्सरचा आकडा सरकत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

तपासायला फक्त साधं मीठ लागतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं झालं की थांबा. मीठ पूर्ण विरघळलं तर टेस्ट फुकट, न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, मीठ मीटरला लागू देऊ नका, डबा सावलीत एकाच तापमानाला २४ तास ठेवा आणि न उघडता बाहेरूनच आकडा वाचा, म्हणून डबा पारदर्शक हवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते, २० डिग्री असो की ३०, फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. मीटर ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी सांगतोय, पाठीवर चिकटपट्टी लावून "+६" लिहा. काट्याच्या मीटरला बहुतेक वेळा मागे स्क्रू असतो, त्याने काटा ७५ वर आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून १०० बघायची पद्धत डिजिटलला वापरू नका, सेन्सरमध्ये पाणी बसतं.

७५ ला ६ चा फरक म्हणजे ९० लाही बरोबर ६ असेलच असं नाही, म्हणून माझा अंदाज सांगतो: कागदाला थेंब दिसले की मीटर काहीही म्हणो, तिथे १०० धरा आणि हवा खेळती करा. ९० च्या आसपास असताना रात्री पारा २ डिग्री जरी उतरला तरी दव पडतं.

बाकी नेहमीचं:
- मीटर पिकाच्या उंचीवर, सावलीत
- फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारा), पंखा, दार यांच्यापासून लांब
- फवारणीआधी काढून ठेवणे
- सेल बदलणे
- साठवणीच्या खोलीत ६५ च्या वर गेलं की धान्य तपासणे

१० पेक्षा जास्त चुकणारा मीटर टाकून द्या. त्याच्या जागी "कॅलिब्रेशनची गरज नाही", म्हणजे तपासून जुळवायला लागत नाही, म्हणून विकतात तो महागडा घेऊ नका, साधे दोन घ्या, दोन्ही मिठावर तपासा आणि शेडच्या दोन टोकांना लावा.