गावांची नावं देवनागरीतच ठेवून रस्टमध्ये फाईल कशी वाचावी

रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यातून निघालेल्या केळीच्या गाड्यांची वजनं एका टेक्स्ट फाईलमध्ये आहेत असं धरू. प्रत्येक ओळीत गावाचं नाव, मग अर्धविराम, मग क्विंटल. काढायचं काय, तर प्रत्येक गावाचं सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी वजन. जानेवारी 2024 मध्ये जावा वापरणाऱ्यांत ‘वन बिलियन रो चॅलेंज’ गाजलं, त्याची घडणही अशीच होती: हवामान केंद्राचं नाव, अर्धविराम, तापमान, आणि अशा 100 कोटी ओळी.

जळगाव-धुळ्याकडे शिकणाऱ्या मुलांना माझा एक आग्रह आहे. प्रोग्रॅम सोपा व्हावा म्हणून गावांची नावं रोमन लिपीत बदलून घेऊ नका. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला देवनागरीचं वावडं नाही. बाइट आणि अक्षर यांतला फरक तेवढा कळायला हवा.

सुरुवात कोडने करू नका, आधी पाच ओळींची नमुना फाईल करा: रावेर;120, सावदा;95, रावेर;80, फैजपूर;60, सावदा;110. उत्तर वहीत मांडा. रावेरची सरासरी 100, सावद्याची 102.5, फैजपूरची 60. सावद्याची सरासरी मुद्दाम अपूर्णांकात ठेवली आहे. प्रोग्रॅमने 102 दाखवलं, तर पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं गेलं हे लगेच कळेल. भागाकाराआधी दोन्ही आकडे एफ 64 मध्ये, म्हणजे रस्टच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात, बदलून घ्या.

आता कार्गो या रस्टच्या साधनाच्या ‘कार्गो न्यू’ आज्ञेने प्रकल्प तयार करा, फाईल उघडा आणि ती बफरीडरमध्ये, म्हणजे मोठा तुकडा एकदम वाचून साठवणाऱ्या प्रकारात, गुंडाळा. नाहीतर प्रत्येक छोट्या वाचनासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे हात पसरावा लागतो. बफरीडर एका वेळी साधारण 8 किलोबाइटचा घास घेतो. ओळी वाचायला ‘लाइन्स’ सोपं आहे, पण ते दर ओळीला नवी स्ट्रिंग बनवतं. त्यापेक्षा एकच स्ट्रिंग घेऊन ‘रीड लाइन’ वापरा (कोडमध्ये असे दोन शब्द अंडरस्कोअरने जोडायचे). हे फंक्शन आधीचा मजकूर पुसत नाही, नवी ओळ त्याच्या मागे जोडतं, म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ‘क्लिअर’ हवंच. वाचलेले बाइट 0 आले की फाईल संपली.

खरी गंमत ओळ हातात आल्यावर आहे. ‘रावेर’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत, कारण काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. चिन्हं बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, त्यामुळे ‘लेन’ विचारलं तर उत्तर येतं 15. या स्ट्रिंगचे पहिले दोन बाइट कापून मागितले तर चिन्ह मधोमध तुटतं आणि प्रोग्रॅम पॅनिक होऊन थांबतो. म्हणून जागा मोजून कापू नका, अर्धविराम शोधून ‘स्प्लिट वन्स’ने दोन भाग करा. हे अगदी सुरक्षित आहे: अर्धविरामाचा बाइट 59, आणि देवनागरी चिन्हांतला प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा. दोघांची गल्लत होणं शक्यच नाही.

कापण्याआधी दोन गोष्टी झटका. विंडोजवर बनलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी जास्तीचं कॅरेज रिटर्न असतं, ते ‘ट्रिम एंड’ने जातं. फाईलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची 3 बाइटांची अदृश्य खूण असू शकते. ती ‘ट्रिम’ने जात नाही, पहिल्या ओळीवर ‘स्ट्रिप प्रीफिक्स’ लावावं लागतं. नाहीतर उत्तरात रावेर दोनदा येतं, दिसायला अगदी एकसारखं, आणि दोष कुठे आहे ते सापडता सापडत नाही.

वजनाचा आकडा ‘पार्स’ने यू 64 मध्ये, म्हणजे ऋण नसलेल्या पूर्णांकांच्या प्रकारात, घ्या. मात्र ‘पार्स’ला 120 कळतं, १२० कळत नाही, आणि आपल्याकडच्या नोंदींत मराठी आकडे हमखास येतात. ‘०’चा युनिकोड क्रमांक 2406 आणि ‘९’चा 2415. चिन्हाचा क्रमांक या टप्प्यात असेल तर त्यातून 2406 वजा करा, अंक मिळेल. दहा ओळींचं छोटं फंक्शन पुरतं. आकडा वाचताच आला नाही तर ‘अनरॅप’ने (चूक आली की प्रोग्रॅम थांबवणारं फंक्शन) सगळा प्रोग्रॅम पाडू नका, ओळीचा क्रमांक छापून पुढे चला. वजन लिहिणाऱ्या माणसाला ती ओळ दुरुस्त करता आली पाहिजे.

हिशेब हॅशमॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून माहिती शोधून देणाऱ्या तक्त्यात, ठेवा: किल्ली गावाचं नाव, सोबत किमान, कमाल, बेरीज, संख्या. किमान 0 पासून सुरू करू नका, गावाची पहिली नोंदच किमान आणि कमाल धरा. इथे बॉरो चेकर (उसन्या घेतलेल्या मजकुराचा वापर तपासणारा रस्टचा पहारेकरी) अडवेल, आणि त्याचं बरोबर आहे. नाव ज्या स्ट्रिंगमधून उसनं घेतलं ती पुढच्या फेरीत पुसली जाणार आहे. आधी ‘गेट म्यूट’ने गाव शोधा, नसेल तेव्हाच ‘टू स्ट्रिंग’ने नावाची प्रत करून घाला. लाखो ओळी आणि मोजकी गावं असतील, तर प्रतीही मोजक्याच होतात.

छापताना क्रमवार हवं असेल तर शेवटी नावं सॉर्ट करा. फैजपूर, रावेर, सावदा असा बरोबर क्रम लागेल. पण युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून प्रोग्रॅम जळगाव आधी आणि जवखेडे नंतर छापेल, मराठी कोश बरोबर उलटं करेल. शाळेतला क्रम हवा असेल तर तुलनेचं फंक्शन स्वतः लिहून ‘सॉर्ट बाय’ला द्या.

उत्तर वहीशी जुळलं की त्याच पाच ओळी हजारो वेळा जोडून मोठी फाईल बनवा आणि ‘कार्गो रन’ला ‘रिलीज’चा पर्याय लावून वेळ मोजा. डीबग बिल्डवर, म्हणजे तो पर्याय न लावता चालवलेल्या प्रोग्रॅमवर, वेगाचा अंदाज बांधू नका, तो कितीतरी संथ चालतो. तपासणी मात्र आधी डीबगमध्येच करा. बेरीज मावेनाशी झाली तर तिथे प्रोग्रॅम पॅनिक होतो. रिलीजमध्ये मूळ सेटिंग असताना तो चुकीचा आकडा घेऊन गुपचूप पुढे जातो.