फिरायला गेल्यावर आणलेल्या बियांतून काय उगवलं, ते कसं ओळखायचं?

कोकणात, केरळात गेलं की आपण खान्देशवाले खिशात बिया भरूनच येतो, मग त्या जळगाव-धुळ्याला कुंडीत टोचतो आणि कोंब वर आला की सगळ्यांना विचारत सुटतो, काय आहे भो हे?

खरं काम पेरायच्या आधीचं आहे. सगळ्या बिया पेरू नका, एक-दोन पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा कुठे सापडली, झाड होतं का वेल, शेंगेतली का फळातली. अर्धी ओळख तिथेच पटते.

दुसरं म्हणजे तीच माती भरून शेजारी एक बिनबियांची कुंडी ठेवा, पाणी दोन्हींना सारखंच. शेणखतातून इतकं तण येतं की लोक महिनाभर गाजरगवतालाच जपत बसतात! दोन्हीकडे जे सारखं उगवलं ते उपटून टाका.

कोंब दिसला की लगेच मोबाईल काढू नका. पहिली दोन पानं बहुतेक वेळा बियांची दळं असतात, ती भरपूर झाडांची सारखीच दिसतात, त्यावर गुगल लेन्स काहीही ठोकून देतं. खरी चार-सहा पानं येऊ द्या. आणि ग्रीन नेटखाली ठेवा, कारण आपल्याकडे मे मधे पारा ४४-४५ ला जातो, त्यात कोकणातलं रोप करपतं, पानं वेडीवाकडी होतात आणि फोटोशी जुळतच नाहीत.

मग बघायचं, पानं समोरासमोर का एकाआड एक, चुरगळल्यावर वास कसला, तोडल्यावर चीक येतो का (डोळ्याला लागू देऊ नका). लिंबासारखा वास आणि पान उजेडात धरल्यावर बारीक ठिपके दिसले तर लिंबाच्या कुळातलं असायचा चान्स जास्त. खोड चौकोनी आणि वास उग्र असला की लोक तुळशीची जात म्हणून मोकळे होतात, पण घाणेरीचंही तसंच असतं, म्हणून एका खुणेवर जाऊ नका.

किनाऱ्यावरची गोटीएवढी गोल बी बहुतेक उंडीची, पान जाड, चकचकीत, मधल्या शिरेपासून आडव्या अगदी बारीक समांतर शिरा, एकदा पाहिलं की चुकत नाही. राखाडी, दगडासारखी कडक बी असेल तर सागरगोटा, तो घासून पेरावा लागतो आणि काटेरी निघतो.

लाल बियांचं मात्र नीट बघा. काळा ठिपका असलेली गुंज, तिचा वेल होतो, पान साधारण चिंचेसारखं, आणि बी जहाल विषारी, लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका. केरळातली मंजाडी पूर्ण लाल असते, ती आपली रतनगुंज, तिचं मोठं झाड होतं आणि पानाला आधी फाटे फुटतात मग त्यावर पानं. अनोळखी रोपाचं पान चाखून बघायची सवय असेल तर ती सोडा.

आता अ‍ॅप. पान वरून, खालून आणि पूर्ण रोप असे वेगवेगळे फोटो लेन्सला आणि प्लांटनेटला द्या, दोघांचं उत्तर जुळलं तर पुडीतली बी त्या नावाच्या बीशी ताडून बघा. नाही जुळलं तर फांदी पेपरात दाबून जवळच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांना दाखवा. काही झाडांचं पक्कं नाव फूल आल्यावरच कळतं, त्याला इलाज नाही.

तोवर कुंडीतच राहू द्या, शेताच्या बांधावर लावायची घाई नको, सुबाभूळ निघाली तर दोन-तीन वर्षांत बांधभर तीच होते.