रंगीत पाइप: रंग कुठे मुरवायचा, लाख कुठे लावायची

तंबाखू ओढायच्या पाइपच्या वाटीवर लाख टिकत नाही, हे आधीच सांगून टाकते. पेडण्याला आमच्या पडवीतला लेथ बघून जो आत येतो तो हेच मागतो, "वहिनी, सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लालभडक पाइप करून द्या." लाख चढेल हो, पहिल्या दिवशी दिसेलही झकास. पण लाख ७५-८० अंशांना वितळते आणि मऊ तर त्याआधीच पडते. आतला निखारा काही शे अंशांवर, मधली भिंत अर्ध्या बोटाची. घाईघाईने ओढणाऱ्याच्या हातात वाटी चटका बसेल इतकी तापते. मग लाखेवर बोटांचे ठसे उठतात आणि खिशातला धागान् धागा तिला चिकटतो. माझं माहेर सावंतवाडीच्या चितारआळीतलं. बाबा म्हणायचे, "बाय, लाखेला ऊब द्यायची, आग नाही."

म्हणून कामाची वाटणी अशी: वाटीच्या लाकडात रंग मुरवायचा आणि लाख लावायची ती दांडी जिथे तोंडाच्या नळीला मिळते तिथल्या कड्यावर.

जुने पाइपवाले तपकिरी, काळा आणि गडद तांबडा सोडून बाहेर पडत नसत. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात १९व्या शतकाच्या मध्यापासून ब्रायर नावाच्या लाकडाचे पाइप होऊ लागले, तेव्हापासून हीच घराण्याची चाल. त्यात अभिरुची होती तशी सोयही होती. ब्रायर कितीही चांगला घ्या, घासताना बारीक खड्डे निघतातच. गडद रंग ते पोटात घालतो, पोपटी रंग चव्हाट्यावर आणतो. आता मात्र जुनी घराणीही रंगात उतरली आहेत. इटलीतल्या साव्हिनेल्लीचं दुकान १८७६ चं, पण त्यांच्या आर्कोबालेनो मालिकेत लाल, निळे, हिरवे पाइप मिळतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात आत पायरोलिटिक ग्रॅफाइटचं, म्हणजे आच सोसणाऱ्या कार्बनचं, अस्तर आणि बाहेर भडक प्लास्टिक असले पाइपही निघाले होते. मला ते आवडत नाहीत, पण उष्णतेचा हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता. जपानी कारागीर पाइपवर उरुशी चढवतात. तो झाडाचा चीक, दमट हवेत घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की तापवला तरी पातळ होत नाही. आपल्या पावसाळ्यात तो मजेत वाळेल. पण तो काजू-बिब्याच्या कुळातला, ओला असताना अंगावर उठतो. त्या वाटेला मी जात नाही.

लाकडाचंही तेच. अंगणात काजूची फांदी पडलेली असते म्हणून तिचा पाइप करायला जाऊ नका. काजू आणि आंबा दोन्ही त्याच कुळातले, त्यांचा चीक कातडीला बाधतो, आणि इथे तर लाकूड तापवून त्यातून श्वास ओढायचा आहे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया ह्या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती खणून काढतात, तासन्‌तास उकळून आतला कडू रस घालवतात आणि महिनोन्‌महिने सावलीत सुकवतात. ती सहजी पेटत नाही, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडे ती होत नाही, मागवावीच लागते. पहिल्या खेपेला भोकं पाडलेला ठोकळा आणि जोडीला नळी असा संच घ्या. हात साफ करायचा तर सागाच्या तुकड्यावर करा. सागाने हत्यारं बोथट होतात, पण तुकडा फुकट जातो त्याचं वाईट वाटत नाही.

स्वतः भोकं पाडणार असाल तर ठोकळ्याच्या बाजूवर पाइपचं चित्र खऱ्या मापात काढा. तंबाखूची जागा १९-२० मिलिमीटर रुंद, ३५ ते ४० मिलिमीटर खोल. दांडीतून येणारी धुराची वाट ४ मिलिमीटर. नळी बसायची खाच ८ मिलिमीटर रुंद आणि साधारण २० खोल. वाटीची भिंत आणि तळ ७ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका. रंगीत पाइपला थोडी जास्तच जाडी बरी, हाताला कमी तापतो. सगळं अडतं ते एकाच ठिकाणी: धुराची वाट वाटीच्या अगदी तळाला, मधोमध उघडली पाहिजे. ती वर उघडली तर खालची तंबाखू ओली राहते, पेटत नाही, आणि पाइप गुडगुडीसारखा आवाज करतो. पाइप साफ करायची केसाळ तार नळीतून घालून बघा. ती कुठेही न अडता वाटीच्या तळाशी डोकावली की गंगेत घोडं न्हालं.

आकार द्यायला शेगडा, मरफा, कानस आणि काचपेपर पुरे. शेगड्याच्या जबड्यांना चामडं लावा. नाकाला मास्क हवाच. ब्रायरची धूळ वाईट आणि ॲक्रिलिकची त्याहून वाईट.

काचपेपर १२० पासून सुरू करून ४०० पर्यंत या. मग ओलं फडकं फिरवा, लाकडाचे रोम उभे राहतील, वाळलं की पुन्हा ४०० ने घासा. आता लाकूड उन्हात तिरकं धरून बघा. खड्डे बरेच दिसले तर भडक गुळगुळीत पाइपचा नाद सोडा आणि पृष्ठभाग खडबडीत करा. लोखंडी नळीच्या तुकड्यात चार-पाच काँक्रीटचे खिळे ठोकून बसवले की हत्यार तयार. ते लाकडावर दाबून पिळत पिळत फिरवायचं. असा पाइप हातात पकडायला छान लागतो आणि त्यावर रंग दोन मजल्यांत बसतो, खाचेत काळा, माथ्यावर केशरी किंवा हिरवा. खरं सांगायचं तर गुळगुळीत पाइपपेक्षा मला हेच काम जास्त आवडतं.

रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा घ्या. तेलरंग, प्लास्टिक पेंट, नखांचं पॉलिश असलं काही नको. ते लाकडावर पापुद्र्यासारखं बसतं आणि तापलं की फुगतं. वाटीत आणि नळीच्या खाचेत बूच घट्ट बसवा, रंग आत जाता कामा नये. मग पहिला हात काळ्याचा. कापसाच्या बोळ्याने भरपूर लावा आणि ओला असतानाच पेटवा.

हो, पेटवा. पण बाटली आधी बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, पंखा बंद करा, ओढणी-पदर खोचून घ्या, पाइप लांब खिळ्यावर धरा आणि हे काम सावलीत करा, कारण स्पिरिटची ज्वाळा उन्हात दिसतच नाही. काडी लावली की फिकट निळी जीभ वाटीवरून सरसरत दांडीपर्यंत जाते आणि तुम्ही बघेपर्यंत विझते. लाकूड कोमट होतं, बाकी काही नाही. स्पिरिट उडून जातं आणि रंग रेषांत जाऊन बसतो. आता ६०० च्या काचपेपरने घासत सुटा. मऊ रेषांत काळा राहतो, कठीण भागावरून निघून जातो, आणि ब्रायरमध्ये दडलेली ज्वाळांसारखी नक्षी वर येते. हिच्यावर दुसरा हात आपल्या आवडीच्या रंगाचा.

लाल आणि केशरी सरळ बसतात. निळा दगा देतो. ब्रायर मुळात पिवळट, त्यावर निळा चढला की तो हिरव्याकडे झुकतो. गिऱ्हाइकाने समुद्री निळा मागितला आणि हातात शेवाळी आला तर दोष गिऱ्हाइकाचा नाही. निळ्यात लाल रंगाचा अगदी एखादा थेंब टाका आणि त्याच ठोकळ्याच्या कापलेल्या तुकड्यावर आधी बघा. वाटीचा काठ मात्र काळाच ठेवा. लायटरची ज्योत तिथे लागतेच, पोपटी काठ आठवड्यात करपलेला दिसतो.

रात्रभर वाळू द्या. सकाळी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं कोरं निघेपर्यंत. ही पायरी गाळली तर घामाच्या हाताला रंग लागतो, आणि गोव्यात हात बाराही महिने घामाचे. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा अगदी पातळ हात. तो पापुद्रा नसतो, लाकडात मुरून रंग धरून ठेवण्यापुरताच असतो. जून ते सप्टेंबर हे काम कोरड्या दिवसाची वाट बघून करा, नाहीतर दमट हवेने चपड्यावर पांढुरकी झाक येते.

आता कडं. कठीण लाकडाचा ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा, मधे ८ मिलिमीटरचं भोक, तो लोखंडी कांडीवर घट्ट बसवून लेथला लावा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्याच उष्णतेने लाख सुटते आणि लाकडावर पट्टे ओढत जाते. सुरुवातीला पट्टे ओबडधोबड, मेणचट दिसतात. घाबरू नका. केवड्याचं सुकं पान दुमडून त्यावर दाबा, लेथ वेगात ठेवा. पट्टे एकमेकांत मिसळतात आणि क्षणात त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसू लागतं. दोन रंग शेजारी हवे असतील तर आधी फिका चढवा, मग गडद. गडदाचा कण फिक्यात गेला की निघत नाही.

रंगाबद्दल एक बजावते. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ, लालसाठी हिंगूळ वापरत. म्हणजे आर्सेनिक आणि पारा. भिंतीवर टांगायच्या वस्तूला ते खपून गेलं असेल, तोंडापासून दोन-अडीच इंचांवर नको. मुलांच्या खेळण्यांसाठी तपासलेले रंगच लाखेत मळा. हळदीचा पिवळा सुरेख येतो, पण उन्हात उडतो.

कडं नळीला चिकटवायचं, दांडीला नाही; तिथे ते निखाऱ्यापासून आणखी लांब राहतं. कडं आणि नळी ज्यावर ओवायची ती कांडी डेलरिन ह्या कडक प्लास्टिकची घ्या. तिला गोंद धरत नाही, म्हणून चिकटणाऱ्या भागावर करवतीने आडव्या खाचा पाडून मग अराल्डाइट लावा. नळी ॲक्रिलिकची बरी. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, दाताला मऊ लागतं, पण आपल्या उन्हात हिरवट-तपकिरी पडतं. आणि वाटी भडक असेल तर नळी काळीच ठेवा. मडगावच्या एका डॉक्टरांनी हिरवी वाटी, लाल कडं आणि पिवळी नळी करून घेतली. पैसे त्यांचे, मी काही बोलले नाही.

शेवटी कापडी चाकावर कार्नौबा मेण. चाक हलकं लागलं पाहिजे, जोर दिला तर रंगावरच डाग पडतो. कड्याला चाक लावू नका. वाटीच्या आतून सक्रिय कोळशाची पूड ताकात कालवून पातळ हात दिला तर पहिले काही वेळा लाकूड करपत नाही. तो दोन दिवस वाळू द्या.

पाइप देताना मी एवढं सांगते: सुरुवातीला वाटी अर्धीच भरा. गरम असताना नळी उपसू नका. पावसात नळी घट्ट झाली तर कांडीला पेन्सिलीचं शिसं घासा, कानस लावू नका, कारण जानेवारीत ती पुन्हा सैल होते. आणि मे महिन्यात पाइप बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका, कडं मऊ पडेल. पडलंच तर टाकून देऊ नका, नळीसकट घेऊन या. कडं कापून काढून नवीन बसवता येतं, दुपारभराचं काम.