जावाचा प्रोग्राम उघडतच नाही? विंडोज, मॅक आणि लिनक्सवर दोष कसा शोधायचा

टीडीएसचं विवरणपत्र तपासणारी फाइल व्हॅलिडेशन युटिलिटी, ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे दुरुस्त करायचा जोसम, मुलांच्या माइनक्राफ्टचा सर्व्हर. वापरणारी माणसं वेगळी, पण तिन्हींच्या खाली त्यांना चालवणारी यंत्रणा एकच, जावा, आणि रुसण्याची तऱ्हाही साधारण सारखीच: डबल-क्लिक केलं, कर्सर क्षणभर फिरला, पुढे काहीच नाही.

अशा वेळी बहुतेक जण जावा काढून पुन्हा टाकतात. हा उपाय शेवटी ठेवा. जावा बिघडलेलं क्वचितच असतं. प्रोग्रामला हवं असतं एक जावा आणि मिळतं भलतंच, हा खरा घोळ असतो. पुन्हा टाकून तो सुटत नाही, उलट मशीनवर आणखी एका जावाची भर पडते.

पहिली पायरी: डबल-क्लिक सोडा, टर्मिनल उघडा

जावाचा प्रोग्राम बहुधा 'जार' फाइलमध्ये बांधलेला असतो. विंडोजवर या फाइलला डबल-क्लिक केलं की ती 'जावा-डब्ल्यू' नावाच्या प्रोग्रामकडे जाते. त्याला काळी खिडकी (टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची आणि उत्तर वाचायची जागा) नसते, त्यामुळे तक्रारीचा मजकूर उमटायला जागाच उरत नाही. मॅक आणि लिनक्सवरही डबल-क्लिकनं मजकूर असाच हरवतो. तो डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

विंडोजमध्ये जार फाइल असलेला फोल्डर उघडा, वरच्या ॲड्रेस बारमध्ये 'सीएमडी' टाइप करून एंटर दाबा. त्याच फोल्डरमध्ये काळी खिडकी उघडेल. मॅकवर टर्मिनल उघडून 'सीडी' लिहा, एक जागा सोडा आणि फाइंडरमधून फोल्डर ओढून त्या खिडकीत टाका, मग एंटर. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी फोल्डरमध्ये राइट-क्लिक केल्यावर टर्मिनल उघडायचा पर्याय दिसतो.

आता ही आज्ञा द्या:

जावा -जार "प्रोग्राम.जार"

या लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. फाइलचं नाव हातानं पूर्ण लिहू नका. पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, उरलेलं नाव आपोआप येतं आणि नावात जागा असेल तर तीही नीट सांभाळली जाते. टॅब दाबूनही नाव आलं नाही तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात, एवढं तर तिथेच कळतं.

दुसरी पायरी: मजकूर वाचा, पण सगळा नाही

जावा तक्रार करतं तेव्हा पडदाभर ओळी ओततं. त्यातल्या 'ॲट' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी प्रोग्रामरसाठी असतात, त्या सोडून द्या. वाचायची ती अगदी पहिली ओळ आणि 'कॉज्ड बाय' अशी सुरुवात असलेली शेवटची ओळ. खरं कारण बहुतेक वेळा या दुसऱ्या ओळीत सापडतं.

'जावा इज नॉट रेकग्नाइज्ड' किंवा 'कमांड नॉट फाउंड' आलं तर जावा मशीनवर नाही, किंवा आहे पण पाथमध्ये (सिस्टिम प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधते त्यांच्या यादीत) नाही. मॅकवर हाच प्रकार 'अनेबल टु लोकेट अ जावा रनटाइम' असा दिसतो. मॅकमध्ये 'जावा' नावाची आज्ञा आधीपासून असते, पण ती नुसती पाटी आहे. जावा तुम्हालाच बसवावं लागतं. बसवून झाल्यावर टर्मिनल बंद करून नवं उघडा. जुन्या खिडकीला बदललेला पाथ कळत नाही, आणि 'बसवलं तरी तेच येतंय' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

'अनेबल टु ॲक्सेस जारफाइल' म्हणजे जावा ठीक आहे, फाइल सापडत नाही. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं. त्यामुळे नाव बदलताना लोक पुन्हा 'डॉट जार' लिहितात आणि फाइल 'डॉट जार डॉट जार' होऊन बसते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून एक्स्टेन्शन दाखवायला सांगा, मग दिसेल.

'इनव्हॅलिड ऑर करप्ट जारफाइल' आलं तर डाउनलोड अर्धवट झालेलं असतं, किंवा जारच्या नावाखाली वेबपेजच सेव्ह झालेलं असतं. जार म्हणजे आतून झिप फाइलच. ती सेव्हन-झिपमध्ये उघडत नसेल तर पुन्हा उतरवून घ्या. आणि 'नो मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट' आलं तर ती फाइल चालवायची नाहीच, दुसऱ्या प्रोग्रामला जोडायची लायब्ररी आहे. उतरवलेल्या पानावर परत जाऊन योग्य फाइल घ्या.

मराठी नावाचा फोल्डर

ही गोष्ट इंग्रजी मदतपानांवर फारशी भेटत नाही. विंडोजवर 'जीएसटी २०२५' किंवा 'आईची कागदपत्रं' अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये जार ठेवली, तर एक्सप्लोररला काही अडचण नसते, पण जावाला तो रस्ता वाचता येत नाही. विंडोजवरचा जावाचा लाँचर आज्ञेतला मजकूर जुन्या कोड पेजातून (अक्षरांच्या जुन्या तक्त्यातून) वाचतो आणि त्यात देवनागरीला जागा नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि वर दिलेला 'अनेबल टु ॲक्सेस' हाच मजकूर दिसतो. फाइल समोर ढळढळीत दिसत असताना जावा म्हणतं, नाही!

उपाय साधा आहे. सी ड्राइव्हवर 'ॲप्स' असा छोटा, इंग्रजी अक्षरांतला, मध्ये जागा नसलेला फोल्डर करा आणि जार तिथे हलवा. प्रोग्रामला द्यायच्या फाइलींची नावंही शक्यतो इंग्रजी ठेवा.

विंडोजमधलं तुमचं वापरकर्त्याचं नावच मराठीत असेल तर प्रकरण थोडं वाढतं. काही प्रोग्राम चालू होताना आपले काही भाग टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये काढून ठेवतात, आणि टेम्प फोल्डर त्याच मराठी नावाखाली असतो. अशा वेळी सी ड्राइव्हवर 'टेम्प' नावाचा फोल्डर करून आज्ञेत '-जार'च्या आधी '-डीजावा.आयओ.टीएमपीडीआयआर=' (पहिलं 'डी' कॅपिटल) लिहा आणि पुढे त्या फोल्डरचा रस्ता द्या. मॅक आणि लिनक्स नावं यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत ठेवतात, तिथे हा त्रास सहसा होत नाही.

तिसरी पायरी: आवृत्तीचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा मजकूर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' हा. जावा ८ असलेल्या विंडोजवर डबल-क्लिक केलं तर याच्याऐवजी 'अ जेएनआय एरर हॅज अकर्ड' अशी छोटी खिडकी येते. ती बघून घाबरायला होतं, पण आत कारण बहुधा हेच असतं.

या ओळीत दोन आकडे असतात. समजा माइनक्राफ्टचा १.२०.५चा सर्व्हर चालवताना लिहून आलं की फाइलची आवृत्ती ६५.० आहे आणि हे जावा ५२.० पर्यंतच ओळखतं. दोन्हींतून ४४ वजा करा. ६५ वजा ४४ म्हणजे २१, ५२ वजा ४४ म्हणजे ८. प्रोग्रामला जावा २१ हवं, तुमच्याकडे चालतंय ८. याच हिशेबानं ५५ म्हणजे ११ आणि ६१ म्हणजे १७.

इथे एक सापळा आहे. लोक 'जावा डाउनलोड' शोधून जावा डॉट कॉमवर जातात, हिरवं-निळं जे बटण दिसेल ते दाबतात आणि 'ताजं जावा टाकलं' म्हणतात. ते पान सर्वसामान्य वापरासाठी वर्षानुवर्षं जावा ८च देत आलंय. ताजा अपडेट असला तरी आवृत्ती ८च. १७ किंवा २१ हवं असेल तर ॲडॉप्टियमचं टेमुरिन नावाचं जावा घ्या. ते फुकट आहे, तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि कार्यालयात वापरतानाही परवान्याची भानगड नाही.

नवं बसवूनही जुनाच आकडा येत असेल तर उत्तर कोणतं जावा देतंय ते पाहा:

जावा -व्हर्जन

इथे '१.८' दिसलं तर ते जावा ८, नाव ठेवायची जुनी पद्धत. मग विंडोजवर 'व्हेअर जावा' आणि मॅक-लिनक्सवर 'व्हिच -ए जावा' द्या. मशीनवर पाथमध्ये असलेले सगळे जावा ओळीनं येतील. पहिल्या ओळीतलं जावा चालतं, बाकीची नुसती बसून असतात. ओरॅकलचा इन्स्टॉलर आपला 'जावापाथ' फोल्डर पाथच्या अगदी सुरुवातीला घालतो, म्हणून विंडोजवर बहुधा तोच पहिला येतो. विंडोजच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' या सेटिंगमध्ये जाऊन पाथमधली तुम्हाला हवी ती ओळ त्याच्या वर न्या. बदल सिस्टिमच्या पाथमध्ये करा. वापरकर्त्याचा पाथ सिस्टिमच्या पाथनंतर जोडला जातो, त्यामुळे तिथे कितीही वर नेलं तरी उपयोग नाही.

मॅकवर 'यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही' (सुरुवातीला तिरकी रेघ, शेवटचं अक्षर कॅपिटल) ही आज्ञा सगळ्या आवृत्त्यांची यादी देते. उबंटू आणि डेबियनवर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग जावा' दिलं की क्रमांक विचारतं, हवा तो टाका.

माझं मत विचाराल तर पाथच्या खटपटीत पडूच नये, विशेषतः दोन प्रोग्रामना दोन वेगळी जावा लागत असतील तेव्हा. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहा: हव्या त्या जावाचा पूर्ण रस्ता अवतरणचिन्हांत, पुढे '-जार' आणि फाइलचं नाव. ही फाइल 'डॉट बॅट' म्हणून जारच्या शेजारी सेव्ह करा. शेवटच्या ओळीत 'पॉज' लिहिलं तर खिडकी लगेच मिटणार नाही आणि तक्रारही वाचता येईल. जुनी युटिलिटी ८वर, नवा सर्व्हर २१वर, दोन्ही सुखानं नांदतात.

नवं जावा, जुना प्रोग्राम

उलटा प्रकारही होतो. जावा ११पासून काही भाग मूळ जावातून काढले गेले. 'जावा-एफएक्स' त्यातलाच. तक्रारीत हे नाव दिसलं तर अझुलचं एफएक्ससह येणारं झुलू किंवा बेलसॉफ्टचं लिबरिका फुल टाका, दोन्हींत तो भाग आधीच जोडलेला असतो. 'जावाएक्स/एक्सएमएल/बाइंड' दिसलं तर प्रोग्राम जावा ८च्या काळातला आहे, तो ८वरच चालवा. 'इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन' जावा १६ आणि पुढच्या आवृत्त्यांवर येतं. आधी प्रोग्रामची नवी आवृत्ती शोधा, नसेल तर ८ किंवा ११वर या.

'डॉट जेएनएलपी' फाइल उघडत नसेल तर ती जावा वेब स्टार्टची, म्हणजे वेबवरून थेट प्रोग्राम सुरू करायच्या सोयीची. ती सोयही ११मध्ये गेली, पण ओपनवेबस्टार्ट नावाचा फुकट पर्याय आहे. ब्राउझरमध्ये चालणारं ॲप्लेट मात्र आता विसरा. क्रोमनं २०१५मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७मध्ये त्याला दार बंद केलं.

मेमरीच्या तक्रारी

'कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस' आलं तर मशीनमध्ये १६ जीबी रॅम असूनही ३२ बिटचं जावा चालत असण्याची शक्यता मोठी. विंडोजवर त्याला साधारण दीड जीबीच्या पुढे जाता येत नाही. 'जावा -व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत '६४-बिट' हे शब्द आहेत का बघा. नसतील तर ६४ बिटचं जावा टाका.

'अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन' आणि पुढे 'मॅक्सपर्मसाइज' आलं, तर कुणीतरी जुन्या काळातली सूचना बॅट फाइलमध्ये ठेवून दिली आहे. जावा ८ ती दुर्लक्षून पुढे जायचं, १७ सरळ अडून बसतं. ती सूचना खोडा. बॅट फाइलमध्ये सापडली नाही आणि पडद्यावर सुरुवातीला 'पिक्ड अप _जावा_ऑप्शन्स' असं येत असेल, तर ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दडलेली आहे.

प्रत्येक सिस्टिमचे आपापले नखरे

विंडोजवर टर्मिनलमधून प्रोग्राम नीट चालतो पण डबल-क्लिकनं विनरार उघडतं, तर फाइलचा संबंध चुकीच्या प्रोग्रामशी जुळलाय. 'ओपन विथ'मधून जावा निवडून भागत नाही, कारण तिथे '-जार' हा शब्द जोडला जात नाही. जारफिक्स नावाचा छोटा प्रोग्राम एकदा चालवला की हे दुरुस्त होतं.

मॅकवर ॲपल ओळखत नसलेल्या निर्मात्याचा प्रोग्राम अडवला जातो. पूर्वी कंट्रोल-क्लिक करून 'ओपन' म्हटलं की भागायचं. २०२४च्या मॅकओएस सेक्वोयापासून ती पळवाट बंद झाली. आता एकदा उघडायचा प्रयत्न करा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबा. एम मालिकेच्या चिपवर 'इनकंपॅटिबल आर्किटेक्चर' आलं तर प्रोग्रामचे भाग इंटेलसाठीचे आहेत. रोझेटा (इंटेलचे प्रोग्राम एम चिपवर चालवणारी ॲपलची सोय) बसवून एक्स६४, म्हणजे इंटेलसाठीचं, जावा टाका आणि प्रोग्राम त्या जावावर चालवा.

लिनक्सवर 'लिबएडब्ल्यूटी_एक्सएडब्ल्यूटी' ही फाइल सापडत नाही असं आलं तर तुमच्याकडे खिडक्या न दाखवणारं 'हेडलेस' जावा आहे. उबंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७-जेआरई' दिलं की पूर्ण जावा येतं. 'पर्मिशन डिनाइड' आलं तर चालवायच्या स्क्रिप्टला 'सीएचमॉड +एक्स' द्या. आणि फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर लिनक्स वेगळं मानतं, विंडोज मानत नाही.

तरीही नाही जमलं तर

कुणाला विचारायचं असेल तर पडद्याचा अर्धवट फोटो पाठवू नका. त्यात नेमकी पहिली ओळच कापली जाते. आज्ञेच्या शेवटी '> लॉग.टीएक्सटी २>&१' जोडा, सगळा मजकूर त्या फाइलमध्ये उतरेल. तिच्यासोबत 'जावा -व्हर्जन'चं उत्तर, सिस्टिमचं नाव आणि प्रोग्राम कुठून उतरवला ते लिहा. पाठवण्याआधी लॉगवर एकदा नजर टाका आणि पॅन, टॅन किंवा तुमचं पूर्ण नाव असलेला फोल्डरचा रस्ता दिसला तर तो खोडा.